गोळ्याच आहेत ना, मग बरं

मल्टिपल मायलोमा हे नाव आमच्या भागात फारसं कुणी ऐकलेलं नसतं. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग किमो किती झाल्या?" आठवड्याला एक इंजेक्शन असतं आणि बाकी रोजची कॅप्सूल, असं म्हटलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. गोळ्याच आहेत ना, मग बरं.

हे माणसं आपुलकीनेच म्हणतात. पण या वाक्यातला निर्धास्तपणा मला खटकतो आणि म्हणूनच लिहायला बसले आहे. त्या रोजच्या कॅप्सूलचं नाव लेनालिडोमाइड, आणि ते फार मोलाचं औषध आहे. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, त्याने अंथरुणातून उठवून पुन्हा बागेत उभं केलं. पण ते तोंडाने घ्यायचं आहे म्हणून सौम्य आहे, असं अजिबात नाही. दवाखान्यात सलाइन लावलं तर शेजारी सिस्टर असते, बीपी बघणारं कुणीतरी असतं. घरच्या कपाटातल्या औषधावर नजर ठेवायला घरच्यांशिवाय दुसरं कोण असणार? मी डॉक्टर नाही, सांगलीत शाळेत विज्ञान शिकवते. औषध किती घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. घरात काय सांभाळायचं, तेवढं मी सांगू शकते.

आप्पा तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय ६६. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास त्यांची कंबर धरली. बागायतदाराची कंबर दुखते यात कुणाला नवल वाटणार? दुखण्याच्या गोळ्या पोटात जात राहिल्या. मग दोन ओळी चाललं तरी दम लागायला लागला. हिमोग्लोबिन आलं ७.८, म्हणजे फारच कमी, आणि किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन २.४, म्हणजे वाढलेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी हे दोन आकडे कंबरदुखीच्या शेजारी ठेवून पाहिले आणि रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणारी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करायला लावली. आलेखात एकच टोक भाल्यासारखं वर गेलेलं. नंतर बोन मॅरोची तपासणी झाली आणि निदान पक्कं झालं.

आपल्या अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार करणं हे त्यांचं काम. मायलोमात त्यातलीच एक पेशी बिथरते, तिची बेसुमार पिलावळ वाढते आणि ती सगळी मिळून एकच निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते. हाडं पोखरली जातात, रक्त कमी होतं, त्या प्रथिनाचे तुकडे किडनीत अडकतात. अशा किडनीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांचा मारा झाला तर ती आणखी खचते. म्हणून आप्पांच्या फाइलवर डॉक्टरांनी सगळ्यात आधी लाल पेनाने लिहिलं: पेनकिलर पूर्ण बंद. मायलोमाच्या प्रत्येक घरात ही ओळ भिंतीवर असावी असं मला वाटतं. कारण कंबर दुखतच असते आणि "एक घे, काय होतंय" म्हणणारे शेजारीपाजारी कमी नसतात.

उपचार ठरले तीन औषधांचे. पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा डेक्सामेथाझोन हे स्टेरॉइड (आम्ही त्याला डेक्सा म्हणतो) आणि लेनालिडोमाइडची कॅप्सूल. कॅप्सूल २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी, की झाली एक सायकल. नेहमीचा डोस २५ मिलिग्रॅम असतो. पण हे औषध शरीराबाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनी करते. ती मंदावली की औषध रक्तात साठतं, म्हणून आप्पांना सुरुवातीला १० मिलिग्रॅमच दिलं. किडनी सुधारली तसा डोस वाढवला. एकाच वजनाच्या, एकाच वयाच्या दोन माणसांचा डोस निराळा असू शकतो तो असा. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच विषय निघणार आहे.

या औषधाचं घराणं समजून घेतल्याशिवाय त्याचे नियम जाचक वाटतात. लेनालिडोमाइड म्हणजे थॅलिडोमाइडचं भावंड. थॅलिडोमाइड १९५७ साली जर्मनीत ग्रुनेन्थाल कंपनीने झोपेचं निर्धोक औषध म्हणून बाजारात आणलं. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते सर्रास दिलं गेलं. १९६१च्या शेवटी ते मागे घेईपर्यंत हजारो बाळं आखूड किंवा न वाढलेले हातपाय घेऊन जन्माला आली होती. एकूण संख्या दहा हजारांच्या वर सांगितली जाते. त्यातली कितीतरी बाळं जगलीही नाहीत. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंनी, सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे म्हणून, कंपनीने तगादा लावूनही परवानगी रोखून धरली. आठवी-नववीच्या पोरांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगते. एका बाईने "पुरावा दाखवा" म्हटलं, म्हणून किती घरं वाचली!

पुढे १९६४मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन या डॉक्टरांना कुष्ठरोग्यांमध्ये उठणाऱ्या वेदनादायक गाठींवर त्याचा गुण दिसला. १९९४मध्ये बॉस्टनला रॉबर्ट डिअमाटो यांनी हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही असं दाखवलं. गाठींना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रोखता आल्या तर कॅन्सर रोखता येईल, असा तेव्हा विचार होता. मग अमेरिकेतल्या अर्कान्सा विद्यापीठात, बाकी सगळे उपाय थकलेल्या ८४ मायलोमा रुग्णांना ते दिलं गेलं. १९९९मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या निबंधावर पहिलं नाव आहे सीमा सिंघल यांचं. जवळपास तिघांत एकाला फायदा झाला होता. कित्येक वर्षं या आजारात नवं असं काही हाती लागलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. लेनालिडोमाइडला अमेरिकेत मायलोमासाठी परवानगी मिळाली २००६मध्ये, त्याच घराण्यातल्या पोमालिडोमाइडला २०१३मध्ये.

गंमत म्हणजे औषध नेमकं काय करतं ते फार उशिरा उमगलं. २०१०मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं की थॅलिडोमाइड पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. सेरेब्लॉन हा पेशीच्या साफसफाई यंत्रणेचा भाग आहे, नको असलेल्या प्रथिनांवर खूण करणारा. औषध चिकटलं की त्याची निवड बदलते आणि मायलोमा पेशीला जगायला लागणारी इकारोस आणि आयोलोस ही दोन प्रथिनं तोडली जातात. त्याच वाटेने गर्भात एसएएलएल४ हे प्रथिन तुटतं, जे हातपाय घडायला लागतं. म्हणजे जी किल्ली आप्पांचा आजार बंद करते, तीच पोटातल्या बाळाचं दुसरं कुलूप उघडून बसते. या औषधातून तेवढा दोष काढून टाका, असं म्हणणं सोपं नाही.

आणि आमच्या घरात नेमकी वहिनी गरोदर होती.

डॉक्टरांनी आप्पांना विचारलं, "घरात औषधं कोण देतं?" आप्पांनी सहज सांगितलं, "सूनबाई." तेव्हा डॉक्टर थांबले आणि पुढची पंधरा मिनिटं फक्त यावर बोलले. गरोदर बाईने, किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने, या कॅप्सूल हाताळायच्या नाहीत. कॅप्सूल उघडायची नाही, फोडायची नाही, चावायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही, अख्खी गिळायची. दुसरं कुणी देणार असेल तर हातमोजे घालून. चुकून फुटली आणि पावडर कातडीला लागली तर लगेच साबण-पाण्याने धुवायची. औषध त्याच्या मूळ पाकिटातच ठेवायचं. सोमवार-मंगळवारच्या कप्प्यांच्या डबीत बीपीच्या गोळ्यांबरोबर मिसळायचं नाही. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर चार आठवडे रक्तदान नाही, कारण ते रक्त कुठल्या बाळंतिणीला किंवा गरोदर बाईला चढेल सांगता येत नाही.

मग त्यांनी आम्हाला बाहेर पाठवून आप्पा आणि आईशी वेगळं बोलून घेतलं. औषध पुरुषाच्या वीर्यातही उतरतं. त्यामुळे ज्यांच्या जोडीदाराला दिवस राहू शकतात, अशा प्रत्येक पुरुषाने उपचार चालू असेपर्यंत आणि नंतरचे चार आठवडे कंडोम वापरायचा, नसबंदी झालेली असली तरी. रुग्ण स्वतः त्या वयातली बाई असेल तर नियम आणखी कडक: सुरू करण्याआधी दोनदा गर्भचाचणी, नंतर ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा, आणि गर्भ राहू नये म्हणून एकाच वेळी दोन उपाय. आईला या वयात त्याची गरज नव्हती, तरी डॉक्टरांनी विचारलं, हे मला फार बरं वाटलं. आपल्याकडे साठीच्या माणसाला असलं विचारायला डॉक्टरच संकोचतात. पण मायलोमा चाळिशीतही होतो. त्या घरात हा संकोच परवडणारा नाही.

त्या दिवसापासून कॅप्सूलचं काम दादाकडे गेलं. रात्री जेवणं झाली की तो पाकीट काढतो, आप्पा स्वतःच्या हाताने कॅप्सूल घेतात आणि लगेच वहीत खूण करतात. ही वही बागेतल्या फवारणीच्या वहीसारखीच आखली आहे. निर्यातीच्या द्राक्षांना कुठलं औषध कधी, किती मारलं आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे सगळं लिहून ठेवावं लागतं, नाहीतर माल परत येतो. आप्पांनी आयुष्यभर ती वही चोख ठेवली. आता एका रकान्यात कॅप्सूल, दुसऱ्यात डेक्सा, तिसऱ्यात इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन), शेवटच्यात ताप, संडास, पायाची सूज. डोस विसरला आणि ठरलेल्या वेळेपासून १२ तास उलटायचे असतील तर घ्यायचा, उलटून गेले असतील तर सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. हा नियमही त्यांनी पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवला आहे.

पायाच्या सुजेचा रकाना का, ते सविस्तर सांगते.

लेनालिडोमाइड डेक्साबरोबर दिलं की शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका बराच वाढतो. डेक्सा किती दिलं यावरही ते अवलंबून असतं. अमेरिकेत मेयो क्लिनिकचे डॉ. विन्सेंट राजकुमार यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत लेनालिडोमाइडबरोबर एका गटाला पूर्वापार चालत आलेला डेक्साचा मोठा डोस दिला, दुसऱ्याला आठवड्यातून एकदाच ४० मिलिग्रॅम. २०१०मध्ये निकाल आले. गुठळ्यांचा त्रास पहिल्या गटात २६ टक्क्यांना, दुसऱ्यात १२ टक्क्यांना. वर्षाअखेर हयात होते अनुक्रमे ८७ आणि ९६ टक्के. कमी औषध घेऊन जास्त माणसं जगली. आज आपल्याकडेही आठवड्याचा डेक्सा दिला जातो, त्यामागे ही चाचणी आहे.

धोका कमी असलेल्यांना ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात, जास्त असलेल्यांना रक्त पातळ करणारी जोरकस औषधं. आप्पांना इकोस्प्रिन होती. तिसऱ्या सायकलमध्ये ते एका लग्नासाठी सोलापूरला जाऊन आले, गाडीत बराच वेळ बसणं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर बसून मोजे काढत होते आणि वहिनीचं लक्ष गेलं. डाव्या पायावर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल रुतला होता, उजव्यावर नुसती रेघ. तिने दोन्ही पोटऱ्या शिवणकामाच्या टेपने मोजल्या. डावी चांगलीच जाड. हात लावला तर गरमही. आप्पा म्हणत होते, प्रवासाने आखडलाय, तेल लावून चोळ. चोळायचं नाही, हे वहिनीला डॉक्टरांनी बजावलेलं आठवत होतं.

रात्री ज्या दवाखान्यात गेलो तिथे सांगितलं की डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणारे डॉक्टर सकाळी येतील, पाय मुरगळला असेल, दुखण्याची गोळी देतो. दादाने फाइल उघडून लाल अक्षरातली ओळ आणि लेनालिडोमाइडचं नाव दाखवलं. तरी गोळी पुढे आलीच. कॅन्सरची गोळी आणि सुजलेला पाय यांचा संबंध तिथे कुणाच्या डोक्यात नव्हता. याचा मला आजही राग आहे. आम्ही दुसरीकडे गेलो, तिथे डॉपलर झाली, गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी होती. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, नंतर रक्त पातळ करायची गोळी. लेनालिडोमाइड काही काळ थांबवलं आणि सगळं आटोक्यात आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू केलं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. पण एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. तुमच्या गावाजवळ रात्री डॉपलर कुठे होतो ते आजच फोन करून विचारून ठेवा. एका कागदावर औषधांची नावं आणि "गुठळीचा धोका" असं लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

रक्ताच्या तपासण्या हा दुसरा पहारा. सुरुवातीच्या दोन सायकल दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी लागते. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल १००० च्या खाली किंवा प्लेटलेट ३०,००० च्या खाली गेल्या तर साधारणपणे औषध थांबवतात, वर आल्यावर कमी डोसने सुरू करतात. "तब्येत बरी आहे, मग कशाला पुन्हा सुई" असं वाटतं, पण पेशी घसरताना माणसाला काही जाणवत नाही. ताप १००.४ झाला की मात्र फोन करायचाच. क्रोसिन देऊन रात्र काढायची नाही. अंगावर पुरळ आलं होतं, गेलं. पण फोड येणं, तोंडात व्रण उठणं हे वेगळं प्रकरण असतं, तेव्हा औषध लगेच थांबवून डॉक्टर गाठायचे. पायात गोळे येतात, थकवा असतो. काही महिन्यांनी जुलाब सुरू झाले, ते पित्तरस नीट शोषला न गेल्यामुळेही होतात आणि त्यावर औषध आहे, त्यामुळे सांगायला लाजू नका. बोटं बधिर होणं हे लेनालिडोमाइडपेक्षा बोर्टेझोमिबचं आणि थॅलिडोमाइडचं काम. डेक्साच्या रात्री झोप नाही आणि साखर वाढते, हे मायलोमाच्या घरात सगळ्यांना माहीत असतं.

आता उरलेल्या कॅप्सूलचा विषय. रुग्णांच्या नातेवाइकांत ही गोष्ट नेहमीची आहे. कुणाचा डोस बदलतो, कुणाचं औषध बंद होतं, कुणाचा माणूस जातो, आणि मागे पाकिटं राहतात. भारतीय कंपन्यांच्या औषधामुळे किंमत परदेशापेक्षा कितीतरी कमी आहे, तरी शेतकऱ्याच्या घराला महिन्याचा खर्च जड जातोच. मग कुणीतरी मायेने म्हणतं, आमच्याकडे २५ ची आहेत, घेऊन जा. आम्हालाही असा फोन आला होता, आप्पा तेव्हा १० वर होते. त्या ताईंच्या मिस्टरांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांना नाही म्हणताना घसा दाटून आला, तरी नाहीच म्हटलं. मघाशी सांगितलं तसं, डोस किडनी बघून ठरतो. आणि दुसरं कारण त्याहून मोठं. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगावर थॅलिडोमाइड दिलं जात असे. तिथे १९६१नंतरही व्यंग असलेली बाळं जन्माला आली, आणि एकमेकांना गोळ्या देणं हे त्यातलं एक कारण होतं. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, शासनाच्या योजनांबद्दल विचारा, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उरलेली पाकिटं जिथून औषध मिळतं तिथे नेऊन द्या. कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका.

आप्पांच्या सुरुवातीच्या सायकल संपल्या, प्रथिनाचं ते टोक जवळजवळ सपाट झालं. आता छोट्या डोसचं लेनालिडोमाइड पुढे चालू ठेवायचं की नाही, हा प्रश्न होता. चालू ठेवल्याने आजार परत येणं लांबतं, यात शंका नाही. स्टेम सेल प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णांवर झालेल्या, २०१२मध्ये छापलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आजार पुन्हा डोकं वर काढायला औषध घेणाऱ्यांत सरासरी ४६ महिने लागले, न घेणाऱ्यांत २७. पण त्याच चाचणीत दुसरा एखादा नवा कॅन्सर होण्याचं प्रमाण ८ टक्के आणि ३ टक्के असं होतं. डॉक्टरांनी दोन्ही आकडे आप्पांसमोर ठेवले, लपवले नाहीत. आप्पांचं प्रत्यारोपण झालेलं नाही, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हेही सांगितलं.

आप्पांनी एक दिवस मागून घेतला. दादाशी बोलले, माझ्याशी फोनवर बोलले, आईशी काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की चालू ठेवू, पण दर तीन महिन्यांनी रिपोर्ट बघून पुन्हा विचार करू, आणि एखादा रिपोर्ट वाईट आला तर मला आधी सांगायचं, मुलांना नंतर. डॉक्टरांनी ते मान्य केलं. डोस १० मिलिग्रॅम ठरला, रक्त पातळ करायची गोळी चालू राहिली, आणि तोंड, कातडी, पोट यांच्या तपासणीच्या तारखा तिथल्या तिथे घेतल्या.